दाणे घरच्यांना

डॉक्टर हिरेमठांनी मामांच्या दंडावरचा पट्टा सोडला, क्षणभर विचार केला आणि परत गुंडाळला. परत फुगा दाबला. पारा वर सरकला तसे माझे डोळेही वर सरकले. दुसऱ्यांदाही तेच निघालं, तेव्हा डॉक्टरांनी नळी कानातून काढून गळ्यात टाकली.

"बिराजदार, गोळ्या घेताय ना?"

मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांच्या वतीनं मीच बोलले, "मी देते ना, डॉक्टर. रोज सकाळी वाटीत काढून त्यांच्यासमोर ठेवते आणि मगच कामाला जाते."

"मग चढतंय कसं? मागच्या खेपेपेक्षा जास्त आहे. त्याच्या मागच्या खेपेपेक्षाही जास्त. हे बघा वहिनी, एक झटका येऊन गेलाय यांना. तेव्हा जीभ जड होण्यावर निभावलं. दुसरा आला तर निभावेल असं मी सांगणार नाही. मीठ किती खातात?"

"लोणचं बंद केलंय, पापड बंद केलाय. आता भाजीतलंही बंद करते," मी म्हणाले आणि मामांकडे असं बघितलं, जणू त्यांनी मिठाची बरणी धोतरात लपवून आणली होती. मामांनी मुकाट्यानं बंडीची बटणं लावली.

मामा म्हणजे माझे सासरे, शिवलिंगप्पा बिराजदार. सगळी नोकरी त्यांनी एसटीत काढली. आधी कंडक्टर, नंतर सोलापूरच्या स्टँडवर कंट्रोलर. त्या काळी स्टँडवर कर्ण्यातून जो आवाज यायचा, "अक्कलकोटमार्गे गाणगापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे," तो मामांचा. खणखणीत. माझं लग्न ठरलं तेव्हा बार्शीहून आलेल्या माझ्या वडिलांनी त्यांना चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं होतं.

निवृत्तीनंतर वर्षभरात झटका आला. हातपाय सुटले, जीभ मात्र अडकली. बोलता येत होतं, पण एकेक शब्द जड पेटीसारखा उचलून ठेवावा लागायचा. ज्या माणसानं जन्मभर हजारो लोकांना गाड्या दाखवल्या, त्याला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साखर मागायची लाज वाटायला लागली. एसटीतली जुनी मंडळी स्टँडामागच्या कँटीनबाहेर रोज संध्याकाळी बसायची. मामांनी तिकडे जाणं सोडून दिलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. माझे यजमान सिद्धाराम साखर कारखान्यात केमिस्ट. गाळप सुरू झालं की त्यांना घर आठवायचंही नाही. तेव्हा हिवाळाभर घरात मी आणि मामा, दोघंच.

मी मंगळवेढा रस्त्यावरच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात संशोधन सहायक होते. आमच्या इनामदार मॅडमचा प्रकल्प होता डाळिंबाच्या सालीवर. सालीत काही द्रव्यं असतात, पॉलिफेनॉल म्हणतात त्यांना. साल तोंडात धरली की जीभ आक्रसते ना, ती त्यांच्यामुळेच. ही द्रव्यं रक्तवाहिन्यांना मऊ ठेवतात का, चढलेला रक्तदाब थोडा उतरवतात का, हे आम्हाला बघायचं होतं. साली सावलीत वाळवायच्या, दळायच्या, स्पिरिट-पाण्यात भिजवायच्या, गाळायच्या आणि मंद उष्णतेवर पाणी उडवून खाली उरलेली पिवळट भुकटी जपून ठेवायची. सगळी भांडी काचेची नाहीतर स्टीलची. लोखंडाचा चमचासुद्धा प्रयोगशाळेत आणायला बंदी, कारण सालीच्या अर्काला लोखंड लागलं की तो शाईसारखा काळाकुट्ट होतो आणि कामातून जातो.

सांगोल्याकडून तडकलेली, उन्हानं डागाळलेली डाळिंबं पोत्यांनी यायची. बाजारात ज्यांना कुणी विचारत नाही अशी. जगात लोक दाणे खातात आणि साली फेकतात; आमच्याकडे उलटा न्याय. साली कामाच्या, दाणे घरच्यांना. प्राध्यापकांपासून पहारेकऱ्यापर्यंत जो तो संध्याकाळी डबाभर दाणे घेऊन घरी जायचा. आमच्या घरी दाण्यांची कोशिंबीर, दहीभातात दाणे, पोह्यांवर दाणे. सिद्धाराम एका रविवारी म्हणाले, "पुढच्या वेळी येताना जेवून येतो."

सोलायला माणसं कमी पडायची, म्हणून शनिवारी एक पोतं मी घरीच आणायची. मामा आणि मी स्वयंपाकघरात बसून सोलायचो. स्टीलच्या सुऱ्या मॅडमनी मुद्दाम दिलेल्या. चांगल्या साली परातीत, किडक्या नि बुरशीच्या बाजूला. मामांचे हात शांत आणि सफाईदार होते. बोलायची मीच. मला बोलायला कुणीतरी लागायचं आणि मामांसारखं ऐकणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. मधूनच एखादा प्रश्न विचारायचे, तोही असा की मला सुरी खाली ठेवावी लागायची.

"त्या द्रव्याचं... नाव काय?"

"प्युनिकॅलाजिन."

मामांनी ते म्हणून बघितलं. 'प्युनि'पर्यंत आले आणि 'कॅ'वर आडवे झाले. परत केलं. परत आडवे. हसले आणि पुढचं डाळिंब उचललं. पण नंतर कितीतरी दिवस अंघोळीच्या दारामागून ते 'प्युनि, प्युनि' ऐकू यायचं. मी बाहेर उभी राहून हसायची.

दिवाळीच्या सुमाराचा एक शनिवार मला नीट आठवतो. त्या दिवशी मी वैतागलेली होते. उंदरांवरचं काम चांगलं निघालं होतं, समितीनं माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी दिली होती, पण माणसं कुठे होती? ज्याला विचारावं तो म्हणायचा, "आमच्यावर प्रयोग करता होय? आम्ही काय उंदीर आहोत?" जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आत पुरेशी माणसं मिळाली नाहीत तर प्रकल्प गुंडाळायचा, असं वरून आलं होतं. मी मामांसमोर हा सगळा पाढा वाचला. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, ते मी डाळिंबाच्या शिंतोड्यावर ढकललं.

मामांनी हातातलं डाळिंब सोलून संपवलं. मग म्हणाले, "माणूस मिळाला... तर काय करतीस?"

"रोज भुकटी द्यायची. बाकी सगळं आहे तसं ठेवायचं. जेवण तेच, चालणं तेच, सगळं तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मामा. समजा खोकला झालाय आणि तुम्ही चहात आलं घातलं, वर मधही चाटला. खोकला गेला. मग कशानं गेला?"

"कळायचं नाही."

"बस. म्हणून एकच गोष्ट."

मामांनी मान डोलावली, जशी पूर्वी ड्रायव्हरनं गाडीतला बिघाड सांगितल्यावर डोलावत असतील तशी. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

दिवाळीनंतर घरात काळे डाग दिसायला लागले. मामांच्या बंडीवर एक. मोरीच्या फरशीवर ओघळ. पंच्याच्या कडेला एक मोठा धब्बा, साबणानं घासला तरी हलायला तयार नाही. एके दिवशी बघते तर मामांच्या पांढऱ्या मिशांची टोकंही काळपट. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामा कलप लावायला लागले होते! आणि लावताही येत नव्हता धड. मला इतका आनंद झाला, काय सांगू. झटक्यानंतर आरशात न बघणारा माणूस मिशा रंगवतोय म्हणजे मनानं उभारी धरली. मी काही विचारलं नाही. उगाच लाजतील. सिद्धारामना मात्र फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तुला नव्या सासूबाई आणायला लागतात की काय बघ." दोघंही पोट धरून हसलो.

आणि मग डॉक्टर हिरेमठांचा तो पट्टा.

त्या दिवसापासून मी मिठाच्या मागे हात धुवून लागले. भाजी अळणी, आमटी अळणी, भाकरीसुद्धा अळणी. मामा हूं की चूं न करता जेवायचे. जेवण झाल्यावर नेहमीसारखं "चांगलं झालंय" म्हणायचे, आणि त्या खोट्या कौतुकानं मला जास्तच काळजी वाटायची. रोज सकाळी वाटीत गोळ्या ठेवताना मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला हात जोडायची. माझी आई मी लहान असताना गेली. या घरात आल्यावर मला कुणी प्रेमानं "जेवलीस का?" असं रोज विचारलं असेल तर ते मामांनी. त्यांना काही झालं तर या घरात मला घर म्हणून काही उरलं नसतं.

एके दुपारी भारनियमनानं प्रयोगशाळा बंद पडली. वीज संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. मॅडमनी सगळ्यांना घरी सोडलं. मी दार उघडून आत आले तर सालीचा तुरट, मातकट वास आला. आधी वाटलं, माझ्याच कपड्यांना आहे. पण वास गच्चीच्या जिन्यातून खाली येत होता. शिवाय स्टोव्हचा फरफर आवाज.

गच्चीवर मामा मोडक्या स्टुलावर बसले होते. समोर रॉकेलच्या स्टोव्हवर सासूबाईंची लोखंडी कढई. आत काहीतरी रटरटत होतं. कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीला, जुन्या धोतरावर डाळिंबाच्या साली वाळत टाकल्या होत्या, ओळीनं, एकमेकींना न चिकटतील अशा. आमच्या प्रयोगशाळेत घालतात तशाच. मामांनी कढई चिमट्यानं धरून उतरवली, फडक्यातून पेल्यात गाळली आणि फुंकर घालत पेला तोंडाला लावला. पेल्यातलं पाणी शाईसारखं काळं होतं.

मला कलप कळला, बंडीवरचा डाग कळला, सगळं कळलं.

"मामा!"

ते दचकले. पेला हिंदकळून बंडीवर आणखी एक ओघळ आला. गृहपाठ न केलेल्या मुलासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मामा, तुम्ही हे पिताय? रोज?" आणि तोंडातून प्रश्न बाहेर पडतानाच मला सकाळची वाटी आठवली. "आणि गोळ्या?"

मामा उठायला गेले. उठताना तोल गेला, हातातला पेला सुटून खणखणत जिन्यापर्यंत गेला आणि मामा टाकीला टेकून खाली बसले. चेहरा पांढराफटक. मी धावले. "मामा, हात उचला. दोन्ही. उचला ना! हसून दाखवा. मामा, माझं नाव सांगा!"

त्यांनी दोन्ही हात उचलले. थोडे थरथरत होते, पण उचलले. ओठ दोन्हीकडे सारखे ताणून मला हसून दाखवलं. दात काळे झाले होते.

"महानंदा," ते म्हणाले. "उगं घाबरायलीस."

शेजारच्या पोराला हाक मारून रिक्षा बोलावली. दवाखान्यापर्यंत मी मामांचा हात सोडला नाही आणि एक शब्दही बोलले नाही. बोलले असते तर ओरडले असते.

झटका नव्हता. रक्तदाब बेफाम चढला होता, त्यानं चक्कर आली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कॉटवर झोपवलं आणि मला बाहेर नेऊन चांगलं फैलावर घेतलं. "दोन महिने गोळी नाही! आणि घरात औषधशास्त्र शिकलेली सून!" मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आत आले तेव्हा मामा डोळे मिटून पडले होते. मी स्टूल ओढून बसले. बाहेर नर्सबाई कुणाला तरी पाणी उकळून प्या म्हणून सांगत होत्या.

"गोळ्या कुठे टाकल्या?" मी विचारलं.

"टाकल्या नाहीत. ड्यूटीच्या खाकी शर्टाच्या खिशात आहेत. औषध कुणी टाकतं का."

"आणि साली कुठून आणल्या?"

"तू बाजूला टाकतीस त्या. किडकं कापून काढलं. चांगल्यातली एकही घेतली नाही." हे त्यांनी असं सांगितलं, जणू माझा मुख्य आक्षेप तोच असावा.

"मामा, डॉक्टरांवर तुमचा विश्वास नाही का?"

"आहे की."

"मग गोळ्या का सोडल्या? काढा प्यायचाच होता तर गोळ्या घेऊन प्यायचा! मी काय समजू? तुम्हाला जगायचंच नाही असं समजू का?"

मामांनी डोळे उघडले. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. एकेक शब्द उचलून ठेवत ते म्हणाले, "तूच सांगितलंस की. एका वेळी एकच गोष्ट. दोन्ही घेतलं असतं तर कशानं उतरलं, कळलं असतं का?"

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"उंदरांचं झालं, म्हणालीस. आता माणूस पाहिजे, म्हणालीस. मिळंना म्हणून रडलीस." दम घेऊन ते पुढे म्हणाले, "मी होतो की घरात. रिकामा. म्हटलं, उतरलं की सांगू तुला. डॉक्टरच्याच तोंडून ऐकवू. तर ते उतरेचना. दर खेपेला वरच. मग म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय. जास्त उकळलं, दाट केलं. सांगायची लाज वाटली."

मला रडायला यायला लागलं आणि ते मी या वेळी कशावरही ढकललं नाही. मामा घाबरले. उठून बसायला लागले. मी त्यांना दंडाला धरून परत आडवं केलं.

"मामा, ऐका. नीट ऐका. ते औषध नाही. अजून नाहीच. तुम्ही कढईत केलं ते तर नाहीच, लोखंडानं त्याचं वाटोळं झालं. पण मी काचेत करते ना, तेही औषध नाही."

"मग तू रोज जातीस कशाला?"

"ते औषध आहे का, ते बघायला. असेल किंवा नसेल. कदाचित इतकंच कळेल, की साल फेकून दिली असती तरी चाललं असतं. आणि त्यासाठी तुम्ही गेला असता, तर मी त्या डाळिंबाला जन्मात हात लावला नसता. कळलं का तुम्हाला? मला तुम्ही पाहिजे. भुकटीचं काय व्हायचं ते होऊ दे."

मामा छताकडे बघत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर गेलं.

"झटका आल्यापासून मी कुणाच्या कामाचा नाही, नंदा," ते म्हणाले. "बोलता येईना. बसून खायलोय. वाटलं, एवढं तरी व्हावं माझ्या हातून."

मी पदरानं त्यांचे डोळे पुसले, मग ओठांवरचा काळा डाग पुसायला लागले. तो निघाला नाही. आठवडाभर निघाला नाही.

घरी आल्यावर मी खाकी शर्ट दारामागून काढला. दोन्ही खिसे गोळ्यांनी भरलेले होते. त्या दिवसापासून माझ्यासमोर गोळी, त्यावर पाणी, मग "आ करा" आणि मगच मी चप्पल घालायची. मामा न कुरकुरता आ करायचे. भाजीत मीठही परत आलं, थोडंसं. पहिल्या घासाला मामांनी असे डोळे मिटले, की मला हसू आवरेना.

एकदा मी गोळी दिली, तर ती गिळून मामा म्हणाले, "एका माणसानं भागत नाही होय?"

"नाही मामा. एकावरून काही सिद्ध होत नाही. पुष्कळ लागतात. आणि झटका येऊन गेलेला माणूस तर आम्हाला चालतच नाही. थोडंसं चढलेलं, बाकी धडधाकट, असे लागतात. त्यांची चालू औषधंही आम्ही बंद करत नाही."

"हां. औषधं बंद नाही," मामा म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मला वाटलं, विषय संपला.

रविवारी दुपार उलटल्यावर मामा इस्त्रीचे कपडे घालून दारात उभे. "चल."

"कुठे?"

"स्टँडवर."

कँटीनबाहेरच्या बाकांवर मंडळी बसली होती. सगळे एसटीतले, सगळे निवृत्त. मामांना बघून एकदम गलका झाला. कुणी उठून जागा दिली, कुणी चहा सांगितला. गुंडाप्पा म्हणून एक जाडजूड ड्रायव्हर होते, ते मोठ्यानं म्हणाले, "ये की कंट्रोलर! दीड वर्षानं गाडी लागली म्हणायची." मामा बसले नाहीत. उभे राहिले. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती, ती मला मागून दिसली.

"मला... बोलायचंय," ते म्हणाले. "वेळ लागेल."

"आम्हाला कुठं ड्यूटीवर जायचंय," गुंडाप्पा म्हणाले आणि सगळे गप्प झाले.

मामा बोलले. किती वेळ लागला कुणास ठाऊक. मधे शब्द अडायचा, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही; स्टँडवरची गाडी सुटायची, दुसरी लागायची, आणि मामा तिथंच उभे राहून तो शब्द शोधत असायचे. बाकावरच्या एकानंही त्यांना शब्द पुरवला नाही. त्यांनी सगळं सांगितलं. सून काय करते ते, आपण कढईत काय केलं ते, चक्कर कशी आली ते. "माझ्यासारखा... गाढवपणा करायचा नाही," ते म्हणाले. "गोळ्या चालू ठेवायच्या. तिथं डॉक्टर असतात. तपासतात. नको वाटलं तर कधीही सोडून यायचं. पण जावा. माणसं लागतात तिला."

मग गुंडाप्पांनी विचारलं, "चव कशी हाय त्याची?"

"वाईट," मामा म्हणाले. "लई वाईट."

सगळे खो खो हसले. "मग खरं औषध दिसतंय," गुंडाप्पा म्हणाले. "लिव माझं नाव, पोरी."

मी सांगायला तोंड उघडलं, की ते औषध आहे का हेच बघायचंय. पण माझ्या आधी मामांनीच त्यांना दटावलं, "औषध नाही. आहे का ते बघायचंय."

गड्ड्याच्या आधी आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात एसटीचा सगळा डेपो लोटला. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, त्यांचे मेहुणे, त्यांचे शेजारी. समितीचे डॉक्टर होते, कागद वाचून दाखवणारे होते, रक्त घेणारे होते आणि गोंधळ इतका, की इनामदार मॅडम हातात यादी घेऊन नावं पुकारत होत्या आणि पहिल्या रांगेपलीकडे कुणालाच ऐकू जात नव्हतं. मामा माझ्याबरोबर आले होते, मागे खुर्चीवर बसून होते. ते उठले, मॅडमपाशी गेले आणि हात पुढे केला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मॅडमनी यादी त्यांच्या हातात दिली.

मामांनी घसा खाकरला.

"लक्ष द्या," ते म्हणाले आणि सभागृह गप्प झालं. तो आवाज तिथल्या प्रत्येकाच्या कानात वर्षानुवर्षं मुरलेला होता. जड झाला होता, शब्दाशब्दाला थांबत होता, पण तोच होता. "गुंडाप्पा... कोरे. टेबल क्रमांक... एक." गुंडाप्पा ताडकन उठले. त्यांच्या पाठोपाठ एकेक नाव, एकेक टेबल. मधेच कुणीतरी गमतीनं ओरडलं, "कंट्रोलर, कशाची तपासणी हाय ही?" मामांनी यादीवरून नजर उचलली, दम घेतला आणि सावकाश, एकही फलाट न चुकवता म्हणाले, "प्यु-नि-कॅ-ला-जिन."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला त्या वेळी कुणी बघायला नको होतं.

त्या चाचणीतून काय निघालं हे सांगायला मी बसलेली नाही. थोडा फरक दिसला, नाचण्याइतका नाही, सोडून देण्याइतकाही नाही. त्यावर पुढे दुसऱ्यांनी काम केलं, अजूनही चाललंय. मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं होते आणि शेवटपर्यंत संध्याकाळी स्टँडवर जात होते. पण मला तो दिवस आठवतो तो सगळी मंडळी गेल्यानंतरचा. सभागृह रिकामं झालं होतं, मी यंत्रं आवरत होते. मामा समोरच्या खुर्चीवर येऊन बसले, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"माझं बघ."

"मामा, तुम्ही यादीत नाही."

"यादीत कुठं म्हणालोय. घरचा म्हणून बघ."

मी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. पारा चढला आणि हळूहळू उतरत गेला. मी नळी कानाला लावून ऐकत होते. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तो जिथे यायला हवा तिथे आला.

"उतरलंय ना?" मामांनी विचारलं.

"हो. चांगलं उतरलंय. गोळ्यांनी."

"हां, गोळ्यांनी," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून मिशीत हसले. "आणि थोडं दाण्यांनी?"

याला काहीही पुरावा नव्हता. तेव्हाही नव्हता, आजही नाही.

"थोडं दाण्यांनी," मी म्हणाले आणि पट्टा सोडला.